सोमवारची कुस्ती, मंगळवारचा निकाल

"यंदा अंकासाठी काय लिहितोयस?" संपादक मंडळातल्या काकूंचा फोन.

"कुस्तीवर."

"अरे वा! खाशाबा जाधवांवर का?"

"नाही काकू. डब्ल्यूडब्ल्यूएफवर."

पलीकडे क्षणभर शांतता. मग "बरं, वेळेत दे म्हणजे झालं," एवढंच उत्तर आलं. त्यांच्या आवाजात जी निराशा होती तिची भरपाई करणं आता माझ्यावर आहे. तेव्हा मंडळी, पहिलं पान उलटून पाककृतींकडे जाऊ नका. हा लेख कुस्तीचा कमी आणि मोजदादीचा जास्त आहे, आणि शेवटी तो आपल्या मंडळापर्यंत येऊन पोचतो.

माझं बालपण इचलकरंजीत गेलं. १९९८-९९ च्या सुमारास मी तिसरी-चौथीत होतो. घरी केबल होती आणि खिशात डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं. प्रत्येक पत्त्यावर एका पैलवानाचा फोटो आणि खाली त्याचे आकडे: रँक, उंची, वजन, छाती, दंड, किती लढती जिंकल्या. ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता घ्यायचा. आमच्या गल्लीत शाळेच्या गुणपत्रिकेपेक्षा या आकड्यांना जास्त मान होता.

आजोबा शेजारी बसून हे सगळं बघायचे. तरुणपणी त्यांनी कोल्हापूरच्या खासबाग मैदानात मोठमोठ्या कुस्त्या पाहिलेल्या. एका संध्याकाळी चष्मा पुसून त्यांनी निकाल दिला, "अरे, मारणाऱ्याचा हात लागतच नाही. ही नुरा कुस्ती आहे." नुरा कुस्ती म्हणजे दोन्ही पैलवानांनी आधीच ठरवून घेतलेली कुस्ती. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. आजोबा मात्र पुढच्या आठवड्यात पुन्हा वेळेवर टीव्हीसमोर हजर!

आजोबांचं बरोबर होतं. कोण जिंकणार, कसं जिंकणार हे लेखक आधीच ठरवायचे. पण त्याच काळात अमेरिकेत एक कुस्ती अगदी खरी चालू होती आणि ती आम्हाला दिसत नव्हती. दर सोमवारी रात्री दोन चॅनेलवर दोन कंपन्या एकाच वेळी कुस्ती दाखवत आणि मंगळवारी एका तिसऱ्याच कंपनीकडून आकडा येई. आधी ठरवून न ठेवलेला निकाल एवढाच. इकडे आल्यावर मी या 'मंडे नाइट वॉर्स'च्या मागे लागलो. आकड्यांशी पोटापाण्याचा संबंध असल्यामुळे त्यातला तो मंगळवारचा कागदच मला सगळ्यात जास्त खुणावत राहिला.

मीटर बसलेली घरं

आपण ज्याला टीआरपी म्हणतो त्या मोजणीचं अमेरिकेतलं घराणं म्हणजे नील्सन. आर्थर सी. नील्सन यांनी १९२३ मध्ये शिकागोत कंपनी काढली. १९३६ मध्ये त्यांनी एमआयटीतल्या दोन प्राध्यापकांनी बनवलेलं एक यंत्र विकत घेतलं. रेडिओ कधी चालू झाला आणि कुठल्या स्टेशनवर लावला याची ते आपोआप नोंद करायचं. १९५० पासून टीव्हीची मोजणी सुरू झाली आणि १९८७ मध्ये 'पीपल मीटर' आला. घरातल्या प्रत्येकाला एक बटण. टीव्हीसमोर बसताना ते दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं.

नव्वदच्या दशकात असं मीटर देशभरातल्या सुमारे ५,००० घरांत होतं. टीव्ही असलेली एकूण घरं साडेनऊ कोटींहून जास्त. म्हणजे मीटरवालं एक घर जवळजवळ वीस हजार घरांच्या वतीने मत देत होतं. वाचून दचकायला होतं, पण आपणही भात शिजला की नाही हे दोन शितांवरूनच ठरवतो. नमुना नीट निवडलेला असेल तर पद्धत शास्त्रशुद्ध आहे. फक्त दोन शितांवरून भात दशांश चिन्हापर्यंत किती शिजला हे सांगता येत नाही. आणि कुस्तीवाले भांडत होते ते दशांश चिन्हावरूनच.

केबलवरच्या कार्यक्रमाचं रेटिंग म्हणजे ते चॅनेल ज्या घरांत येतं त्यातल्या किती टक्के घरांनी कार्यक्रम पाहिला. त्या काळात एक पॉइंट म्हणजे सात लाखांहून जास्त घरं. या आकड्यावर जाहिरातींचे दर ठरत, चॅनेलमधली पत ठरत असे. शिवाय कार्यक्रमाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडून वेगळे आकडे येत. कुठल्या पैलवानाच्या वेळी घरं वाढली, कुणाच्या वेळी गळाली, सगळा हिशोब कागदावर.

८३ आठवडे

आता मैदानात उतरू. डब्ल्यूडब्ल्यूएफचे मालक व्हिन्स मॅकमहन यांचा 'मंडे नाइट रॉ' हा कार्यक्रम ११ जानेवारी १९९३ रोजी यूएसए नेटवर्कवर सुरू झाला. दुसरीकडे सीएनएनचे संस्थापक टेड टर्नर यांनी १९८८ मध्येच एक अडचणीतली कुस्ती कंपनी विकत घेतली होती. तीच पुढे डब्ल्यूसीडब्ल्यू झाली. तिचे प्रमुख एरिक बिशॉफ यांना टर्नर यांनी आपल्या टीएनटी चॅनेलवर वेळ दिली, आणि तीही नेमकी सोमवारची. ४ सप्टेंबर १९९५ रोजी मिनेसोटातल्या 'मॉल ऑफ अमेरिका'मध्ये, चक्क दुकानांच्या मधोमध आखाडा बांधून 'नायट्रो'चा पहिला भाग झाला. लेक्स लुगर नावाचा पैलवान आदल्या रात्रीपर्यंत मॅकमहनकडे होता, तो त्या दिवशी इकडे प्रकटला. शड्डू ठोकला गेला.

'नायट्रो' दर आठवड्याला थेट दाखवत. 'रॉ'चे बरेच भाग खर्च वाचवण्यासाठी आधी चित्रित केलेले असत. मग बिशॉफ काय करायचे, तर स्वतःच्या कार्यक्रमातच 'रॉ'वर आज कोण जिंकणार आहे ते सांगून टाकायचे! आपल्या नाटकाच्या मध्यंतरात शेजारच्या नाट्यगृहातला खुनी कोण ते जाहीर करण्यासारखंच.

१९९६ च्या मे महिन्यात स्कॉट हॉल आणि पाठोपाठ केव्हिन नॅश हे मॅकमहनचे दोन मोठे पैलवान 'नायट्रो'वर आले. ७ जुलै १९९६ रोजी हल्क होगनने, म्हणजे इतकी वर्षं लहान मुलांचा लाडका असलेल्या नायकाने, खलनायक होऊन त्यांच्याशी हातमिळवणी केली. याच सुमारापासून 'नायट्रो'ने सलग ८३ आठवडे 'रॉ'ला मागे टाकलं. दीड वर्षाहून जास्त काळ प्रत्येक मंगळवारी मॅकमहन चितपट.

मॅकमहनने उत्तर शोधलं ते स्वतःलाच खलनायक करून. उर्मट मालक आणि त्याच्यापुढे न झुकणारा बंडखोर नोकर स्टीव्ह ऑस्टिन, अशी गोष्ट रंगली. ज्याला ऑफिसात साहेबाचा राग येतो अशा कुणालाही कळेल अशी. १३ एप्रिल १९९८ रोजी मॅकमहन स्वतः ऑस्टिनशी लढणार अशी हवा केली गेली. निकाल: रॉ ४.६, नायट्रो ४.३. मालिका तुटली. कुस्तीच्या इतिहासात ही तारीख १९८३ च्या लॉर्ड्ससारखी सांगितली जाते.

माझ्यातल्या इंजिनियरला राहवेना. मी ढोबळ गणित मांडलं. मीटरवाल्या घरांपैकी हे चॅनेल येणारी घरं धरली साधारण पावणेचार हजार. त्यांच्या ०.३ टक्के म्हणजे ११ घरं! एका मोठ्या देशातली 'ऐतिहासिक' कलाटणी ११ घरांवर. एवढ्या लहान नमुन्यात आकडा नुसत्या योगायोगानेही इतका पुढे-मागे होऊ शकतो. संख्याशास्त्राच्या भाषेत ती कुस्ती बरोबरीत सुटली होती. ८३ आठवड्यांचा कल खोटा नव्हता, कारण योगायोग इतके दिवस एकाच बाजूने पडत नाही. पण एका मंगळवारच्या एका दशांशावर माणसांच्या नोकऱ्या आणि पट्टे ठरावेत एवढा भार तो आकडा पेलू शकत नव्हता.

आकड्यासाठी काहीही

यानंतर दोन्ही कंपन्या प्रेक्षकांऐवजी त्या कागदाशीच कुस्ती खेळू लागल्या.

गोल्डबर्ग नावाचा एक पैलवान 'नायट्रो'वर सतत जिंकत चालला होता. त्याची आणि होगनची लढत म्हणजे सोन्याची खाण. अशी लढत 'पे-पर-व्ह्यू'वर, म्हणजे लोकांकडून वेगळे पैसे घेऊन दाखवली असती तर लाखो डॉलर आले असते. पण ६ जुलै १९९८ रोजी अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये, चाळीस हजारांच्या आसपास लोकांसमोर ती टीव्हीवर फुकट दाखवून टाकली. का, तर तो एक सोमवार जिंकायचा होता. जिंकलाही. बियाण्याचं धान्य दळून एक दिवस पुरणपोळी खाल्ली, दुसरं काय!

४ जानेवारी १९९९ ची रात्र तर या युद्धातली सगळ्यात प्रसिद्ध. मिक फोली हा अंगावर असंख्य जखमा झेललेला, देखणा वगैरे अजिबात नसलेला, पण लोकांच्या मनातला पैलवान. त्या रात्री 'रॉ'वर तो पहिल्यांदा जगज्जेता होणार होता. भाग आधीच चित्रित झाला होता. वरून आलेल्या हुकमाप्रमाणे 'नायट्रो'च्या निवेदकाने नेहमीच्या सवयीने तो निकाल फोडला आणि असल्या माणसाला बघायला कोण येणार, अशी खवचट पुस्तीही जोडली. लोकांनी काय केलं? चॅनेल बदललं. फोली जिंकताना बघायला सुमारे सहा लाख प्रेक्षक तिकडे वळले असं सांगितलं जातं. आणि 'नायट्रो'वर त्या रात्री काय झालं, तर होगनने नॅशच्या छातीला एक बोट लावलं, नॅश आडवा पडला आणि होगन विजेता! रॉ ५.७, नायट्रो ५.०.

मला यात गंमत वाटते ती ही की फोलीची कुस्तीही नुराच होती. निकाल आधी माहीत असूनही लोक गेले, कारण त्यांचा जीव फोलीत गुंतला होता. रामाचं पुढे काय होणार हे माहीत असूनही आपण कीर्तनाला बसतोच की.

१० मे १९९९ रोजी 'रॉ'ला ८.१ रेटिंग मिळालं, आजवरचं सर्वोच्च. त्या दिवशी टीएनटीवर बास्केटबॉल असल्यामुळे समोर 'नायट्रो' नव्हताच. बरोबर दोन आठवड्यांनी, २४ मे रोजी, पुन्हा सातच्या वरचा आकडा आला. त्याचं कारण वेगळं होतं. आदल्या रात्री कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट या ३४ वर्षांच्या पैलवानाला छतावरून दोरीने खाली सोडण्याचा स्टंट ठरला होता. हुक अवेळी सुटला आणि तो सुमारे ७८ फुटांवरून खाली पडला. तो गेला. कार्यक्रम तरीही पुढे चालू ठेवला गेला. दुसऱ्या दिवशीचा 'रॉ' म्हणजे त्याची श्रद्धांजली होती, सहकारी पैलवान कॅमेऱ्यासमोर रडत होते. आकड्यांच्या तक्त्यात या दोन तारखा जवळजवळ शेजारी दिसतात: एक आठाच्या वर, एक साताच्या वर. मी हा तक्ता पहिल्यांदा वाचत होतो तेव्हा दोन्ही ओळींवरून सारख्याच वेगाने पुढे गेलो होतो. कळलं ते नंतर, पुन्हा वाचताना.

निकाल

नंतरची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती उतरणीची आहे. 'नायट्रो'ने आकडा परत आणायला काय नाही केलं! एप्रिल २००० मध्ये डेव्हिड आर्केट या चित्रपट अभिनेत्याला चक्क जगज्जेता केलं. वर्तमानपत्रांत बातमी आली, प्रेक्षक आले नाहीत. २००० साली डब्ल्यूसीडब्ल्यूचा तोटा सहा कोटी डॉलरच्या आसपास गेला.

पण माझा एक समज होता तो चुकीचा निघाला. मला वाटायचं, कुणी बघेना म्हणून कार्यक्रम बंद पडला. तसं नाही. शेवटच्या महिन्यांतही 'नायट्रो'चं रेटिंग दोनच्या वर होतं, केबलच्या मानाने ते वाईट म्हणता येत नाही. मात्र कुस्ती बघणाऱ्या प्रेक्षकांसाठी जाहिरातदार कमी पैसे मोजत. त्यात टर्नर यांची कंपनी आधी टाइम वॉर्नरमध्ये आणि मग जानेवारी २००१ मध्ये एओएलमध्ये विलीन झालेली. टर्नर यांच्या हातात आता काही उरलं नव्हतं. नवे अधिकारी जेमी केल्नर यांनी मार्चमध्ये ठरवलं की आमच्या चॅनेलच्या प्रतिमेत कुस्ती बसत नाही. टीव्हीवरची वेळच गेली तशी कंपनीची किंमतही गेली. जिने मॅकमहनला ८३ आठवडे लोळवलं, ती कंपनी मॅकमहननेच ५० लाख डॉलरपेक्षाही कमी रकमेत घेतली. २६ मार्च २००१ रोजी फ्लोरिडातल्या पनामा सिटी बीचवर शेवटचा 'नायट्रो' झाला.

आता कुणाही कन्सल्टंटचं साधं गणित असं: जानेवारी १९९९ मध्ये दोघांचं मिळून रेटिंग दहाच्या वर होतं. एक दुकान बंद झालं, तर त्याची गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे जाणार. कुस्ती ती कुस्तीच. प्रत्यक्षात काय झालं? 'रॉ' दहावर गेला नाहीच, उलट २००३ पर्यंत चारच्या खाली आला. डब्ल्यूसीडब्ल्यूचे खूपसे प्रेक्षक तिकडे गेले नाहीत. ते उठून गेले. त्यांना 'कुस्ती' बघायची नव्हती, त्यांना त्यांची कुस्ती बघायची होती. तेव्हाच्या कुठल्याही मंगळवारच्या कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. ज्या टीएनटीने कुस्ती नको म्हणून काढून टाकली त्याच टीएनटीवर २ ऑक्टोबर २०१९ रोजी, म्हणजे अठरा वर्षांनी, एईडब्ल्यू या नव्या कंपनीची कुस्ती परत आली. जानेवारी २०२५ पासून 'रॉ' नेटफ्लिक्सवर गेला. तिथे पॉइंट आणि दशांश नाहीत, नेटफ्लिक्स स्वतःच 'व्ह्यूज' मोजून जाहीर करतं. आखाडा नवा, मोजणारा नवा, खोड जुनीच.

आपलं मंडळ

मंडळी, आता कबुलीजबाब. दोन वर्षांपूर्वी मी आपल्या कार्यकारिणीवर होतो. "तू आयटीतला, तू हिशोब बघ," म्हणून माझ्याकडे एक्सेल आलं. मी उत्साहाने तीन वर्षांच्या सगळ्या कार्यक्रमांची उपस्थिती भरली. गणपतीला किती ताटं उठली, ऑर्केस्ट्राला किती तिकिटं गेली, सगळं. जिथे माणसं कमी तिथे आपोआप लाल रंग येईल अशी सोयही केली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारचं मराठी अभिवाचन भडक लाल झालं. उपस्थिती वीस ते पंचवीस. खोलीचं भाडं आणि दोन स्वयंसेवकांचा वेळ यांचं गणित काही केल्या बसेना. मीच सुचवलं, हे बंद करू, ती माणसं मोठ्या कार्यक्रमांना येतीलच. पाच मिनिटांत ठराव झाला. कुणी वाईट हेतूने काही केलं नाही. तक्ता फार छान दिसत होता.

यंदा हा लेख लिहिताना, डब्ल्यूसीडब्ल्यूचे प्रेक्षक कुठे गेले हे वाचता वाचता, मी ती जुनी फाइल उघडली. अभिवाचनाला नियमित येणारी २३ नावं होती. त्यातली गेल्या वर्षभरात कुठल्याही कार्यक्रमाला दिसली ती ६. एका काकांना फोन केला. त्यांच्या घरी आता ते एकटेच असतात. ते म्हणाले, "अरे, मी गर्दीत यायचो नाहीच कधी. महिन्यातून एकदा कुणीतरी समोर बसून मराठीत वाचतंय, ते ऐकायला यायचो. तुम्ही बंद केलंत, मला वाटलं कुणाला नको असेल."

मी काय बोलणार? पंचवीस हा आकडा बरोबर होता. मी फक्त त्याला विचारलं नव्हतं की तू कोण आहेस.

आकडे टाकून द्या असं मी म्हणणार नाही, माझं पोट त्यांच्यावर चालतं. मीटर नसतं तर ऑस्टिनची गोष्ट लोकांना आवडते हे मॅकमहनलाही कळलं नसतं. पण मंगळवारचा कागद वाचल्यावर एकदा फोन उचलून विचारायला हवं, एवढं मात्र आता वाटतं. आजोबा आज असते तर म्हणाले असते, एवढं कळायला तुला अमेरिकेतली नुरा कुस्ती लागली होय!

तर, नव्या कार्यकारिणीने मान्य केलं आहे: येत्या जानेवारीपासून पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता अभिवाचन पुन्हा सुरू. खोलीच्या भाड्याचं मी बघतो. या वेळी उपस्थितीचा तक्ता ठेवणार नाही. फक्त चहा किती टाकायचा तेवढं आदल्या दिवशी कळवा.

सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!